छोट्या फेऱ्यांचा वेळ-तक्ता : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

शहरातल्या शहरात तीन किलोमीटरच्या आत जायचे असेल, तर गाडी काढावी, पायी जावे की बस-मेट्रो पकडावी, हा निर्णय बहुतेक जण दारात उभे राहून, किल्ली हातात असताना घेतात. तो घेताना गाडी प्रत्यक्ष धावत असतानाचा वेळ तेवढा डोळ्यांपुढे असतो. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा आणि तिला कुठेतरी उभी करून ठेवण्याचा वेळ हिशेबात येत नाही. तिन्ही पर्यायांचा दारापासून दारापर्यंतचा वेळ एकाच मापाने मोजून शेजारी शेजारी मांडणारा, एका पानात मावेल असा तक्ता तयार करणे, एवढेच या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. तक्ता कोणत्याही एका शहरापुरता नसावा, म्हणून आकडे गृहीतकांच्या स्वरूपात ठेवायचे आणि वाचणाऱ्याला ते स्वतःच्या परिस्थितीप्रमाणे बदलता यावेत, असे गटात ठरले. सायकलीचा वेग, तिची सुरक्षितता आणि ती ठेवण्याची सोय हा स्वतंत्र विषय असल्यामुळे ती सध्या तक्त्याबाहेर ठेवली आहे.

७ फेब्रुवारी २०२५

आज गाडीच्या वेळेची फोड केली. घराचे दार ओढून घेतल्यापासून गाडी रस्त्याला लागेपर्यंत काय काय घडते, याची यादी अपेक्षेपेक्षा लांब झाली: जिना किंवा लिफ्ट, आवारातून गाडीपर्यंतचे चालणे, मागे लावलेली दुसऱ्याची गाडी, पट्टा लावणे, आरसे पाहणे, फाटकाशी थांबून वाहत्या रहदारीत शिरायला फट मिळण्याची वाट पाहणे. दुसऱ्या टोकाला जागा शोधणे, जागा मिळालीच तर पुढे-मागे करून गाडी त्या जागेत बसवणे, तळघरातील वाहनतळ असेल तर उतार उतरून पावती घेणे, आणि तिथून इच्छित ठिकाणापर्यंत पुन्हा चालणे. हे सारे अंतरावर अवलंबून नाही. पाचशे मीटर जा किंवा पाच किलोमीटर जा, दोन्ही टोकांचा हा वेळ तेवढाच राहतो, आणि म्हणूनच फेरी जितकी छोटी तितका तो जड होतो.

नमुन्यादाखल गृहीतके अशी धरली: गाडीपर्यंत चालणे २ मिनिटे, ती बाहेर काढणे १ मिनिट, जागा शोधणे ३ मिनिटे, तिथून चालत पोहोचणे २ मिनिटे, म्हणजे दोन्ही टोकांची मिळून ८ मिनिटे. गर्दीच्या शहरात सिग्नल धरून गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला ३ मिनिटे. चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला १२ मिनिटे. पायी जाणाऱ्यापेक्षा गाडी प्रत्येक किलोमीटरमागे ९ मिनिटे वाचवते. तेव्हा टोकांवर घालवलेली ८ मिनिटे भरून निघायला तिला सुमारे ९०० मीटर धावावे लागते. त्याआधीच पोहोचायचे असेल, तर गाडी वेगवान असूनही उशिरा पोहोचते. गाडीचा वेग ताशी १५ किलोमीटरवर आला, तर हे बरोबरीचे अंतर बरोबर १ किलोमीटर होते. टोकांचा वेळ ८ ऐवजी १२ मिनिटे धरला, तर वेग ताशी २० असूनही ते १.३ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे वेग एक चतुर्थांशाने घसरल्याने जेवढा फरक पडतो, त्याच्या तिपटीहून अधिक फरक टोकांवरच्या चार मिनिटांनी पडतो. तक्त्याचा सगळा भर टोकांवर द्यायचा, हे इथेच निश्चित झाले.

११ फेब्रुवारी २०२५

जागा शोधण्याची ३ मिनिटे कुठून आणली, असा प्रश्न गटात विचारला गेला आणि तो रास्तच होता. या विषयाचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील डोनाल्ड शूप यांनी केला. १९२७ ते २००१ या काळात वेगवेगळ्या शहरांच्या मध्यवर्ती भागांत झालेल्या १६ पाहण्या त्यांनी एकत्र केल्या. त्यांत रस्त्याकडेला जागा मिळायला सरासरी ८ मिनिटे लागत होती आणि रस्त्यावरच्या वाहनांपैकी सुमारे ३० टक्के वाहने केवळ जागेच्या शोधात फिरत होती. त्याच विद्यापीठालगतच्या वेस्टवुड व्हिलेज या भागात त्यांनी स्वतः केलेल्या मोजणीत हा वेळ ३.३ मिनिटे निघाला. आमची ३ मिनिटे या दुसऱ्या आकड्याच्या जवळची आहेत.

ते ३० टक्के अनेक ठिकाणी सर्व शहरांना लागू असल्यासारखे उद्धृत होतात, हे मात्र पटण्याजोगे नाही. जिथे शोधाशोध होते अशी शंका असते तिथेच संशोधक मोजायला जातात, ही मर्यादा स्वतः शूप यांनीही नोंदवलेली आहे. त्यामुळे तक्त्यात टक्केवारी दिलेली नाही. जागा सहज मिळते, थोडे फिरावे लागते आणि मिळेलच याची खात्री नाही, असे तीन प्रकार करून त्यांना अनुक्रमे ०, ३ आणि ८ मिनिटे धरली आहेत. ज्याला दोन्ही टोकांना राखीव जागा आहे त्याच्यासाठी गाडीचा टोकांवरचा वेळ ५ मिनिटांवर येतो आणि बरोबरीचे अंतर साडेपाचशे मीटरच्या आसपास उतरते. अशा माणसाला पायी जाणे वेळेच्या मुद्द्यावर पटवून देता येणार नाही, आणि तक्त्याने तसा आव आणू नये.

१३ फेब्रुवारी २०२५

अंतर कोणते धरायचे? काटकोनी रस्त्यांच्या जाळ्यात प्रत्यक्ष वाट सरळ रेषेपेक्षा कमाल १.४१ पट आणि सर्व दिशा सारख्या धरल्यास सरासरी १.२७ पट भरते. हे गणित पादचाऱ्याला लागू पडते. गाडीला मात्र एकेरी रस्ते, न तुटणारे दुभाजक आणि पुढच्या चौकातून घ्यावा लागणारा वळसा यांमुळे त्याहून अधिक फिरावे लागते. समोरच्या पदपथावर असलेल्या ठिकाणी जायला गाडीला अर्धा किलोमीटर फिरावे लागल्याची उदाहरणे कुणालाही आठवतील. दोन्ही अंतरांसाठी वेगळे रकाने ठेवले आहेत.

१८ फेब्रुवारी २०२५

चालण्याचा ताशी ५ किलोमीटर हा वेग निरोगी प्रौढाचा, मोकळ्या पदपथावरचा आहे. त्यात दोन दुरुस्त्या आवश्यक वाटल्या.

पहिली दुरुस्ती चौकांची. समजा, सिग्नलचे एक पूर्ण चक्र १२० सेकंदांचे आहे आणि त्यात पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा २० सेकंद असतो. केव्हाही येऊन पोहोचणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी सरासरी ४२ सेकंद थांबावे लागते. तेवढ्या वेळात तो जवळपास ५८ मीटर चालला असता. रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा असून मध्ये दुभाजकावर पुन्हा थांबावे लागत असेल, तर हा खोळंबा जवळजवळ दुप्पट होतो. गाड्यांचा प्रवाह सुरळीत राहावा म्हणून सिग्नलचे चक्र लांबवले, की त्याची किंमत चालणारा मोजतो, आणि ती कोणत्याही वाहतूक अहवालात सहसा दिसत नाही. पादचारी पूल आणि भुयारी मार्ग यांचाही समावेश याच सदरात केला. सुरक्षिततेच्या नावाखाली तिथे माणसाला चढ-उतार करायला लावून गाडीला सपाट रस्ता मोकळा करून दिलेला असतो.

दुसरी दुरुस्ती वयाची. इंग्लंडमधील २००५ च्या आरोग्य सर्वेक्षणात ६५ व त्याहून अधिक वयाच्या पुरुषांचा चालण्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. तिथल्या पादचारी सिग्नलची वेळ मात्र सेकंदाला १.२ मीटर या वेगावर बेतलेली होती. सेकंदाला ०.९ मीटर म्हणजे एका किलोमीटरला साडेअठरा मिनिटे. या वेगाने हिशेब केला, तर गाडीशी बरोबरीचे अंतर ९०० मीटरवरून साधारण ५०० मीटरवर यायला हवे. पण गाडीच्या टोकांवरचे चालणेही त्याच संथ गतीने होते, ही गोष्ट हिशेब पुन्हा तपासताना पुढे आली: ८ पैकी ४ मिनिटे चालण्याची आहेत आणि ती ६ मिनिटांच्या वर जातात. ती जमेस धरल्यावर बरोबरीचे अंतर सुमारे साडेसहाशे मीटर होते. वाहनतळापासून लांब चालावे लागणाऱ्या वृद्धाला गाडीचा फायदा वाटतो त्यापेक्षा कमी मिळतो. खरा फायदा मिळतो तो कुणी दारापर्यंत सोडले तर.

२५ फेब्रुवारी २०२५

बसचा रकाना सर्वांत अवघड निघाला, कारण तिथे वाट पाहण्याचा वेळ मध्ये येतो. दर १० मिनिटांनी बस असेल आणि वेळापत्रक न पाहता माणूस थांब्यावर गेला, तर सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल, असे सगळेच धरून चालतात. बस अगदी काटेकोर अंतराने आल्या तरच हे खरे आहे. प्रत्यक्षात दोन बसमधले अंतर कधी ५ तर कधी १५ मिनिटे असते असे समजू. सरासरी अंतर १० मिनिटेच राहिले. वेळापत्रक पाळले, असा अहवालही देता येईल. परंतु केव्हाही थांब्यावर येणारा माणूस पाच मिनिटांच्या फटीपेक्षा पंधरा मिनिटांच्या फटीत सापडण्याची शक्यता तिप्पट असते, म्हणून त्याची सरासरी प्रतीक्षा ५ नव्हे, तर सव्वासहा मिनिटे होते. फटी २ आणि १८ मिनिटांच्या झाल्या, तर ती ८ मिनिटांच्या वर जाते. तेवढ्याच बस, तेवढाच खर्च, आणि तरीही प्रवाशाच्या पदरात पडणारी सेवा निराळी.

हे अंतर बिघडते कसे, हे थांब्यावर उभे राहून पाहता येते. एक बस थोडी मागे पडली, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी अधिक माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो. तिच्या मागच्या बसला मात्र माणसेच उरत नाहीत, म्हणून ती भराभर पुढे येऊन तिला गाठते. मग बराच वेळ काहीच न येता दोन बस एकापाठोपाठ येतात, पहिली खच्चून भरलेली आणि दुसरी जवळजवळ रिकामी. यात चालकाचा दोष क्वचितच असतो. सर्व दारांतून चढ-उतार, आधी काढलेले तिकीट आणि मधल्या थांब्यावर बस थोडी रोखून धरून अंतर सावरणे हे त्यावरचे ठाऊक असलेले उपाय आहेत.

आता आकडे. थांब्यापर्यंत ४ मिनिटे, प्रतीक्षा ५, उतरल्यावर ३, अशी टोकांची १२ मिनिटे आणि थांबे धरून ताशी १५ किलोमीटर वेग, म्हणजे एका किलोमीटरला ४ मिनिटे. चालण्याच्या तुलनेत ही बस दीड किलोमीटरनंतरच फायद्याची ठरते. त्याहून कमी अंतरासाठी थांब्यावर ताटकळणाऱ्याने चालायला लागावे, असे हिशेब सांगतो, आणि बस समोर येऊन उभी असेल तर तिच्यात चढावे, हेही तोच सांगतो. गाडीशी तुलना केली, तर जागा शोधायला ८ मिनिटे लागणाऱ्या भागात दोन किलोमीटरच्या फेरीला गाडीला १९ मिनिटे लागतात आणि बसला २०. दर ५ मिनिटांनी बस आली, तर तिचा वेळ साडेसतरा मिनिटांवर येतो. स्वतंत्र मार्गिका देऊन तिचा वेग ताशी २० केला, तर १८ वर. म्हणजे छोट्या फेऱ्यांसाठी बसचा वेग वाढवण्याइतकीच, किंबहुना किंचित अधिक, कमाई बसची संख्या वाढवून होते. मेट्रोच्या बाबतीत खोल स्थानकात उतरणे, तपासणी आणि फलाटापर्यंतचे चालणे इतके होते, की एक-दोन स्थानकांच्या अंतरासाठी तिचा वेग निरुपयोगी ठरतो. तिच्यासाठी वेगळा रकाना न करता तळटीप पुरेशी आहे.

थांबा जाण्याच्या दिशेनेच असेल तर तिथवरचे चालणे वाया जात नाही, उलट्या दिशेला असेल तर दुहेरी भुर्दंड पडतो. हा बारकावा तक्त्यात मावत नाही, म्हणून उदाहरणात घेतला आहे.

२८ फेब्रुवारी २०२५

विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७० च्या दशकात मांडलेला हिशेब तक्त्यात घ्यावा, अशी सूचना आली. गाडी चालवण्याचा वेळ आणि तिचा खर्च भागवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या कामाचा वेळ एकत्र करून त्यांनी अमेरिकी माणसाचे वर्षाला १,६०० तास आणि ७,५०० मैल धरले होते. त्यातून निघणारा वेग ताशी साडेसात किलोमीटर, म्हणजे भराभर चालण्यापेक्षा थोडाच अधिक. मांडणी चपखल आहे, पण ती गाडी घ्यावी की नाही याचा विचार करणाऱ्यासाठी आहे. ज्याच्या दारात गाडी आधीच उभी आहे, त्याचा आजच्या एका फेरीचा निर्णय त्याने बदलत नाही. सूचना बाजूला ठेवली.

६ मार्च २०२५

वेळेखेरीज एकच गोष्ट तक्त्यात असावी, यावर एकमत झाले, ती म्हणजे थंड इंजिन. पेट्रोल गाडीच्या धुरातील विषारी वायू निष्प्रभ करणारा उत्प्रेरक साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे तो थंडच असतो; त्याच वेळी थंड इंजिनाला हवेच्या प्रमाणात जास्त इंधन पुरवावे लागते. एक किलोमीटरची फेरी या काळातच संपते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन यांचे किलोमीटरमागचे प्रमाण लांबच्या प्रवासापेक्षा छोट्या फेरीत कितीतरी अधिक असते. गाडी तास-दोन तास उभी राहून परत निघाली, की उत्प्रेरक पुन्हा बऱ्यापैकी निवलेला असतो.

गाडीसाठीही हा वापर चांगला नाही. ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ गाडी पूर्ण तापल्याशिवाय बाहेर पडत नाही. ती धुराच्या नळीत साचून सायलेन्सर आतून गंजवते आणि थोडी तेलातही मिसळते. स्टार्टरने ओढलेली वीज बॅटरीत परत भरायलाही वेळ मिळत नाही. वीजगाडीला यातले इंजिनाचे मुद्दे लागू नाहीत. जागा शोधण्याचा मुद्दा मात्र तिलाही तेवढाच लागू आहे.

१२ मार्च २०२५

एकाच वेळी अनेक कामे उरकायची असतील, तर गाडीच सोयीची, हा आक्षेप अपेक्षित होता. तो तपासला. तीन कामांची ठिकाणे एकमेकांपासून चारशे मीटरवर असतील, तर प्रत्येक ठिकाणी गाडी काढणे, जागा शोधणे आणि चालत पोहोचणे हे चक्र नव्याने सुरू होते. चारशे मीटर चालायला मात्र पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो. अशा ठिकाणी गाडी एकदाच लावून उरलेले पायी करणे उत्तम. ठिकाणे दोन-दोन किलोमीटरवर विखुरलेली असतील, तर आक्षेप बरोबर आहे.

ओझ्याचा प्रश्न वेगळा. दोन्ही हातांत जड पिशव्या असताना वेग मंदावतो आणि मध्ये थांबावे लागते. इथे गाडी किंवा रिक्षा योग्य, असे तक्त्यात स्पष्ट लिहिले. लहान मूल कडेवर असणे, पाय दुखत असणे, रात्री निर्जन रस्ता असणे यांनाही हेच लागू. त्यासाठी कारणे मागणारी भाषा मसुद्यातून काढून टाकली.

कुणाला तरी सोडायला जाण्याच्या फेऱ्यांचा हिशेब मात्र कडक ठेवला. सोडणारा रिकामा परत येतो आणि आणायला पुन्हा रिकामा जातो. एका माणसाच्या एका जाण्या-येण्यासाठी रस्त्यावर गाडीच्या चार फेऱ्या होतात, आणि त्यातल्या दोन कुणालाच कुठेही नेत नसतात.

१८ मार्च २०२५

रस्त्यावरच्या जागेचा मुद्दा घ्यावा की नाही, यावर बराच काथ्याकूट झाला. उत्तर अमेरिकेतील शहरांच्या परिवहन अधिकाऱ्यांची नॅक्टो ही संघटना देते त्या आकड्यांनुसार सुमारे ३ मीटर रुंदीच्या मार्गिकेतून तासाला खासगी गाड्यांमधून ६०० ते १,६०० माणसे जातात, स्वतंत्र बस मार्गिकेतून ४,००० ते ८,००० आणि तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून ८,००० ते ९,०००. हे आकडे शहर आखणाऱ्यासाठी मोलाचे आहेत. दारात किल्ली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते उपदेशासारखे वाटतील, असे माझे मत होते. आकडे पानाच्या मागील बाजूस गेले.

२७ मार्च २०२५

स्वरूपासाठी दोन नमुने पाहिले. स्पेनमधील पोंतेवेद्रा शहराने २०११ मध्ये 'मेट्रोमिनुतो' नावाचा नकाशा काढला. तो दिसतो मेट्रोच्या नकाशासारखा, पण त्यातल्या रेषा पायवाटांच्या आहेत आणि दोन ठिकाणांमध्ये चालायला लागणारी मिनिटे रेषेवर छापलेली आहेत. त्या शहराचा मध्यभाग १९९९ पासून टप्प्याटप्प्याने गाड्यांपासून मोकळा करत आणला गेला होता, त्यामुळे नकाशा वापरणाऱ्याला चालायला जागाही होती, हे विसरता कामा नये. लंडनच्या परिवहन संस्थेने २०१५ मध्ये भुयारी रेल्वेच्या स्थानकांमधले चालण्याचे वेळ दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. मध्यवर्ती भागातील काही स्थानके नकाशावर दूर दिसत असली, तरी प्रत्यक्षात हाकेच्या अंतरावर आहेत, हे त्यातून अनेकांच्या लक्षात आले.

आम्ही त्यांच्याकडून एक गोष्ट उचलली: मीटर नाहीत, मिनिटे.

४ एप्रिल २०२५

छपाईपूर्वीची रचना ठरली. डावीकडे अंतरे, ५०० मीटर ते ३ किलोमीटर. पुढे पायी, बस आणि गाडी असे तीन रकाने. प्रत्येक रकान्यात एक आकडा न देता दोन दिले आहेत, नेहमीचा वेळ आणि वाईट दिवसाचा वेळ. ठरल्या वेळेला पोहोचायचे असेल, तर माणूस सरासरी धरून निघत नाही, वाईट दिवस धरून निघतो. चालण्याच्या रकान्यात हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत. बस आणि गाडीच्या रकान्यांत त्यांच्यात मोठे अंतर पडते, गाडीच्या बाबतीत मुख्यतः जागेच्या शोधामुळे.

तक्त्याच्या वर दोन कोऱ्या चौकटी आहेत: 'माझा गाडीपर्यंतचा वेळ' आणि 'तिथे जागा मिळायला लागणारा वेळ'. त्या भरून बेरीज केली आणि तिला ९ ने भागले, की आपले बरोबरीचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ज्यांचा चालण्याचा वेग कमी आहे त्यांनी ९ ऐवजी १५ ने भागावे, ही सूचना ठळक अक्षरांत घेतली आहे. पहिल्या चौकटीत गाडी रस्त्यावर काढण्याचे आणि दुसऱ्या चौकटीत वाहनतळापासून चालण्याचे मिनिटही मिळवायचे आहे, हे चौकटींखाली लिहायचे बाकी असून मसुदा त्यासाठी मांडणी करणाऱ्याकडे परत पाठवला आहे.